घरमा पोर शे

दिवलीबाई लोटन पाटील हिच्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी माझ्या एका चुकीबद्दल लिहायला हवं. मी मास्तर माणूस. दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढण्यात माझी हयात गेली, स्वतःच्या चुकीखाली ओढायची सवय नाही. तरी सांगतो.

१९५८ च्या जूनमध्ये माझी नेमणूक तळोद्याच्या खाली, तापीकाठच्या एका गावात झाली. गावाचं नाव सांगत नाही, तिचे भाऊबंद अजून तिथे नांदताहेत. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याचा. मी संगमनेरकडचा. मला मराठी येते असा माझा समज होता, तो पहिल्याच आठवड्यात उतरला. मुलं 'आहे'ला 'शे' म्हणत, 'माझा'ला 'मन्हा' म्हणत, आणि मी 'आहे' म्हणालो की एकमेकांना कोपरं मारत.

चौथीला लिंगविचार शिकवत होतो. तो मुलगा, ती मुलगी, ते पोर. पुस्तकात छापलेलं होतं, म्हणजे माझ्या दृष्टीनं वाद संपला होता. वह्या तपासायला घेतल्या तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांनी 'ती पोर' लिहिलेलं. मी सगळ्यांना चूक दिली आणि वर एकेक छडी दिली. पुढे कळलं की अहिराणीत पोऱ्या म्हणजे मुलगा आणि पोर म्हणजे मुलगीच. आमच्याकडे पोर म्हटलं की तो का ती हे अधांतरी राहतं, तसं त्यांच्याकडे काही राहत नाही. पण दिलेली चूक मागे घ्यायचा रिवाज आमच्या खात्यात नव्हता.

त्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत खोलीकडे जेवायला निघालो होतो. ऊन असं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी पाय सोडून बसलेली. मी दहा पावलांवर असताना तिनं समोर बघितलं आणि शेजारणीला उत्तर द्यावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "पोर शे, बाय. घरमा पोर शे."

समोर कोणी नव्हतं. म्हातारी थोडी थांबली, मग तिची मान हळूहळू नदीच्या वळणाकडे फिरत गेली, जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवावी तशी. गल्लीच्या मधोमध एक कुत्रं पसरलं होतं. ते उठलं, भिंतीकडेला सरकलं आणि थोड्या वेळानं परत येऊन आपल्या जागी निजलं. म्हातारी आत गेली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे, पण त्या दिवशी मी त्या कुत्र्याला वळसा घालून गेलो.

माझ्या खोलीचा मालक भाईदास, त्या म्हातारीचा पुतण्या. जेवताना मी त्याला विचारलं. त्यानं आधी दार लोटलं, मग बोलला.

म्हातारी रुक्मिणीबाई. तिला ओळीनं चार मुलगे झाले आणि चारही गेले. ताप नाही, उलटी नाही, भर दुपारी पाळण्यात निजलेलं पोरगं परत उठलं नाही. प्रत्येक वेळी मागाहून आठवायचं की थोडा वेळ आधी दारात कोणा बाईनं विचारलं होतं, पोऱ्या शे का घरमा? आणि घरातलं कोणीतरी, आपण देतो तसं, कामाच्या नादात मान वर न करता उत्तर दिलं होतं, शे ना. ती बाई तापीच्या डोहातून येते असं म्हणत. तिला कोणी नाव दिलेलं नव्हतं.

पाचव्यांदा दिवस भरले ते ऐन दिवाळीत. मुलगा झाला. सुईणीनं नाळ कापायच्या आधी त्याचं नाक टोचलं, काळा दोरा घातला आणि बाहेर येऊन ओरडून सांगितलं की पोर झाली. नाव ठेवलं दिवली. त्या दिवसापासून रुक्मिणीबाई रोज दुपारी ओट्यावर बसे आणि कोणी विचारायच्या आधीच उत्तर देई.

नवस बारा वर्षांचा होता. बारा वर्षांनी तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला जायचं, घाटावर न्हाव्याकडून केस काढायचे, नाकातली चमकी काढून तापीत सोडायची, धोतर-टोपी घालायची आणि मुलगा म्हणून घरी आणायचा. अशी मुलं या भागात पुष्कळ. धुडकू, उकर्डू, लोटन ही नावंसुद्धा मरणाची फसवणूक करायला ठेवलेली, इथे कोणाला त्याचं नवल नव्हतं. लोटन म्हणजे दिवलीचा बापच.

"न्हाव्यानं डोकं ओलं करं," भाईदास म्हणाला. "मी समोर व्हतू, मास्तर. वस्तरा उचला आन दिवलीनं त्याना हात धरा. म्हने, मी पोर शे."

वेळ दुपारची. सगळ्यांना एकच वाटलं. ती बाई घाटाच्या पायरीवर येऊन उभी राहिली असणार, ती फक्त लेकराला दिसली असणार, आणि लेकरानं शहाण्यासारखं आईचं उत्तर दिलं. लोटन पाटलानं न्हाव्याला थांबवलं. रुक्मिणीबाईनं ओल्या डोक्यावर पदर टाकला आणि माणसं आल्या वाटेनं परतली. त्यानंतर तो विषय गावात निघाला नाही. लोटन वारला तेव्हाही नाही.

म्हणून गाव तिला 'ती' म्हणत असे. न चुकता, दारूच्या गुत्त्यावरसुद्धा. भीतीपोटी व्याकरण पाळणारं गाव मी तेवढं एकच पाहिलं.

दिवली तेव्हा बत्तीस वर्षांची. उंच, रुंद हाडाची, आवाज घोगरा आणि बोलणं मोजकं. लुगडं नीटनेटकं, हातात काचेच्या बांगड्या, नाकात तीच चमकी. कापूस वेचायला बायांच्या ओळीत जाई, विहिरीवर बायांच्या बाजूला उभी राही. उन्हाळ्यात अर्ध्या गल्लीचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तिच्या हातचे असत, कागदासारखे पातळ. बाया तिच्याकडून बिबडे करून घेत, पण ती अंगणात आली की मुलाच्या पाळण्यावर पटकन लुगडं टाकत. तिच्या मागावर जी आहे तिची नजर आपल्या लेकरावर पडायला नको. दिवली ते बघे आणि तोंड फिरवून पिठाकडे बघे. मला त्या बायांचा संताप येई. मी काही बोललो नाही, हे वेगळं.

एकदा शाळा सुटल्यावर ती आली. पायरीच्या खाली उभी राहिली.

"मास्तर, तुम्हना पुस्तकमा पोर म्हंजे काय?"

मुलांनी छडीची गोष्ट घरी नेली होती. मी जरा ऐटीत सांगितलं की प्रमाण भाषेत पोर हा शब्द नपुंसकलिंगी आहे.

"म्हंजे?"

"म्हणजे तो नाही, ती नाही. ते."

तिनं विचारलं, "आन आमनी बोलीमा?"

"तुमच्या बोलीत पोर म्हणजे मुलगी."

"हा शबद पहिले कोना? तुम्हना का आमना?"

मी रात्री कोश काढून बघतो म्हणालो, आणि बघितलाही. कोशात अर्थ होता, लहान मूल. तो शब्द एका खोऱ्यात मुलगी कसा झाला आणि दुसऱ्यात अधांतरी कसा राहिला, याबद्दल कोश गप्प होता. दुसऱ्या दिवशी मी तिला तसं प्रामाणिकपणे सांगितलं. तिला ते उत्तर आवडलं असावं, कारण ती प्रथमच पायरीवर बसली.

"गावले वाटस मी मरनले फसाडी ऱ्हायनू," असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हणजे पुरुषासारखं ऱ्हायनू का बाईसारखं ऱ्हायनी, याकडे माझे मास्तरी कान लागले होते. ती म्हणाली, "गावले वाटस मी मरनले फसाडी ऱ्हायनी. मी कोनलेच फसाडत नही, मास्तर. घाटवर माले कोनी दिसनं नव्हतं. कोनी बाय नव्हती तठे. मी माले जे ठाऊक व्हतं ते सांगं."



"बारा वरीस माय खोटं बोलनी," ती पुढे म्हणाली. "मंग मी तिले सांगं. त्या दिनपाईन ती खरं बोलस. रोज बोलस. तितलंच मन्हं शे."

हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला भीती वाटली. सगळं गाव भ्यायलं म्हणून तिला मुलगी म्हणतं हे तिला पक्कं माहीत होतं. गावाची तिला पर्वा नव्हती. एका माणसानं तिला मुलगी म्हणून ओळखलंय एवढ्या आधारावर ती उभी होती, आणि ते माणूस ओट्यावर बसलेली म्हातारी होती.

गावाकडे तिच्यासाठी दुसरे शब्द नव्हते असं नाही. दर वर्षी पावये येत, आपल्याकडचे तृतीयपंथी तसे, मातेच्या नावानं टाळ्या वाजवत, गुजरातेकडून नवापूर-खांडबाऱ्यावरून गावं घेत घेत. त्यांच्यातल्या एका वयस्कर पावयानं तिला एकदा निरखून बघितलं आणि आमच्यात ये म्हटलं. दिवलीनं त्यांना पाणी दिलं, बिबडे दिले. "तुम्हना शबद चांगला शे," ती म्हणाली, "पन मन्हा माले शे." त्या म्हाताऱ्या पावयानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यापैकी कोणी तो कधी ठेवला नव्हता.

मग १९६१ साल उजाडलं आणि शिरगणती आली. गणकाचं काम अर्थात मास्तरांच्या गळ्यात. तळोद्याला प्रशिक्षण झालं. प्रत्येक माणसाची एक स्लिप, त्यावर स्त्री की पुरुष ते लिहायचं. कोणीतरी विचारलं, दोन्हीपैकी नसेल तर? साहेब म्हणाले, तर पुरुष लिहा. सरकारी व्याकरणात लिंगं दोनच होती. परत येताना बैलगाडीत माझ्या डोक्यात दिवलीची स्लिप होती, आणि तिचं काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. सकाळी सगळे शेतात, म्हणून दुपारी गेलो. याला म्हणतात बुद्धी. रुक्मिणीबाई ओट्यावर एकटीच. तिला आता नीट दिसत नव्हतं. डोक्यावर ऊन, माझी सावली पायापुरती, काखेत सरकारी दप्तर. मी नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, घरात पुरुष माणूस आहे का?"

तिला कळलं नाही. तिनं कान पुढे केला.

तीन वर्षांत मला अहिराणी येऊ लागली होती आणि त्याचा मला अभिमान होता. म्हातारीला सोपं जावं म्हणून मी, आवाज चढवून, तिच्या बोलीत विचारलं, "पोऱ्या शे का घरमा?"

शब्द तोंडातून सुटले आणि मला कळलं मी काय बोललो ते. पण ते परत घेता येत नव्हते.

पस्तीस वर्षं ती रिकाम्या गल्लीला उत्तर देत आली होती. आज गल्लीतून खरंच कोणीतरी विचारलं. तिचं तोंड उघडं राहिलं. ते रोजचं उत्तर तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं, आणि ते फुटलं नाही. ती ओट्यावरून खाली घसरली, चाचपडत माझे पाय धरले आणि ओरडली, "मन्हा पोऱ्याले नको लई जाऊ, बाय! माले लई जाय! एकच पोऱ्या ऱ्हायना मन्हा!"

दारात दिवली उभी होती. कोपरापर्यंत पिठानं माखलेले हात. आईनं तो शब्द दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा तिनं दाराची चौकट धरली. मी अनेकांना वाईट बातम्या दिल्या आहेत, तारा वाचून दाखवल्या आहेत. माणसाच्या चेहऱ्यावरून असं काही पुसलं जाताना मी तेवढं एकदाच बघितलं.

तिनं आईला उचलून आत नेलं. मी स्लिप कोरीच ठेवून निघालो.  तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुक्मिणीबाईनं अंथरूण धरलं. तीन दिवस ती डोळे मिटून एवढंच म्हणत होती, पोऱ्या कथा शे, मन्हा पोऱ्या कथा शे, कुठे आहे माझा पोऱ्या. दिवली उशाशी बसून तिला पाणी पाजत होती. "मी शे, माय," म्हणत होती. म्हातारी तिचा हात झटकत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

गाव जमलं, पण अंगणातच थांबलं. शब्द उच्चारला गेला होता, सगळ्यांनी ऐकला होता. कोणी उंबऱ्याच्या आत येईना. शेवटी भाईदास पुढे झाला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता.

"दिवलीबाई," तो म्हणाला, "आते लपाडीसन काय फायदा? माय सोता बोली गयी. पोऱ्या व्हईसन आग दे, नही ते पोर व्हईसन घर बस. दोन्ही नही चालत."

त्यानं आणलेलं कोरं धोतर त्याच्या हातात होतं. दिवलीनं त्या धोतराकडे बघितलं, आईकडे बघितलं. बाया स्मशानात जात नाहीत. आईला आपल्या हातानं अग्नी द्यायचा तर एवढंच करायचं होतं, तासाभरापुरतं. माझ्या मनात आलं, घे बाई, एवढ्यानं काय होतं. असं मनात येणं फार सोपं असतं.

"आग तू दे, भाईदास," ती म्हणाली. "मी घर बठस."

तिरडी उचलली. सगळे पुरुष नदीकडे गेले. बायांनी आपापली दारं लावून घेतली. मी परका, खांदा द्यायला कोणी बोलावलं नाही. मी त्याच ओट्यावर एका कडेला बसून राहिलो, जायचं धाडस नव्हतं आणि बसायचंही. दिवली आत, उंबऱ्यापाशी. ऊन डोक्यावर आलं. ते कुत्रं गल्लीत मधोमध निजलं होतं.

कुत्रं उठलं आणि भिंतीकडेला सरकलं.

मग मी जे ऐकलं ते मी आजवर कोणाला शपथेवर सांगितलेलं नाही, आणि आताही नुसतं सांगतो. गल्लीत कोणी नव्हतं. आवाज माझ्यापासून चार हातांवर होता, उंबऱ्याच्या अगदी समोर. थकलेला, दूरवरून चालत आल्यासारखा.

"पोऱ्या शे का घरमा?"

तापीच्या डोहातल्या बाईचा आवाज कसा असतो मला माहीत नाही. हा आवाज मला माहीत होता. तीन वर्षं रोज दुपारी मी तो याच ओट्यावरून ऐकला होता. तिकडे नदीकाठी जिला आत्ताच सरणावर ठेवलं असेल तिचा तो आवाज होता.  मी हललो नाही.

दिवली उठून दारात आली. तिलाही ऐकू आलं होतं, कारण ती नेमकी त्या जागेकडे बघत होती.  खोटं बोलली असती तर आई शांत झाली असती. शे, माय, तुन्हा पोऱ्या शे, एवढंच म्हणायचं होतं.

"पोऱ्या नही, माय," ती म्हणाली. "पोऱ्या कवयच नव्हता. मी शे. दिवली."

गल्ली तशीच राहिली. ऊन तसंच. बराच वेळ गेला. मग दिवलीची मान हळूहळू नदीच्या वळणाकडे फिरत गेली, आणि ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. मी दप्तर उघडलं, स्लिप काढली, आणि 'स्त्री' असं लिहिलं. अक्षर वाईट आलं. पुढे तळोद्याला तपासणीच्या कारकुनानं विचारलं, मास्तर, गावात तर वेगळं ऐकू येतं? मी म्हणालो, मी समक्ष चौकशी करून लिहिलंय.

दुसऱ्या दिवशीही दुपारी ती ओट्यावर होती. तिसऱ्याही. गल्लीकडे बघून तेच सांगत होती, कधी समजावून, कधी वैतागून, कधी नुसतं मान हलवून. गावानं ती वाटच सोडली. पाळण्यांवर लुगडं टाकणाऱ्या बाया आता आपली मुलं घेऊन दुसऱ्या गल्लीनं जात. बिबडे करायला तिला कोणी बोलावीना. मी मात्र दुपारी त्याच वाटेनं जेवायला जात राहिलो. एवढं तरी मी करू शकत होतो.

१९६५ साली माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तो दुपारीच, आता मी मुद्दाम दुपारी जात असे. ती सुपात दादर ज्वारी निवडत होती. मी उभा असतानाच कुत्रं उठून बाजूला झालं. या वेळी मला काही ऐकू आलं नाही. दिवलीनं मान वर केली आणि म्हणाली, "शे ना, माय. घरमाच शे."



"अजून विचारते?" मी म्हटलं.

"इचारस ना. रोज."

"तेच?"

तिनं सुपातला खडा काढून टाकला.

"नही," ती म्हणाली. "दोन महिना व्हयनात. आते म्हनस, दिवली शे का घरमा?"